हिरव्या चुड्याशेजारी कुठली फुलं?

‘ताई, मी लालबागची. मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी माझं लग्न आहे. सकाळी अकराला रजिस्टर, संध्याकाळी सात ते दहा दादरच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन. घोडा, बँड, स्टेजवरचा धूर यातलं काही नको, हे दोन्ही घरांना पटवता पटवता दमले. मला हौस एकच आहे, हातात रंगीबेरंगी फुलांचा छानसा गुच्छ हवा. सकाळी आईची हिरवी पैठणी नेसणार, तिचे काठ राणी रंगाचे. संध्याकाळी अबोली रंगाचं साधं सिल्क. हिरवा चुडा दोन्ही वेळेला. हॉलचा डेकोरेटर लाल गुलाब आणि जिप्सीच्या बारीक पांढऱ्या फुलांच्या पुढे जात नाही. मैत्रिणी फिकट गुलाबी पिओनीचे फोटो पाठवतात. होणारी जाऊ म्हणते, सगळे रंग घेतलेस तर भेळ होईल. आई वेंगुर्ल्याची. ती म्हणते, मडमेसारखं काय ते हातात धरून उभं राहायचं! आमच्या लग्नात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळला, झालं. त्यात होणाऱ्या नवऱ्याचं उग्र वासाने डोकं दुखतं. कुठली फुलं घेऊ, कुठून घेऊ आणि ती रात्री दहापर्यंत टिकवू कशी? आणि मला अहो-जाहो नका करू. – लालबागची नवरी’

नवरीबाई,

आधी मंडईतून एक फ्लॉवर आण. हो, भाजीचाच, मध्यम आकाराचा. मग पैठणी कपाटातून काढून नुसती खांद्यावरून घे, निऱ्या हाताने धर, हातात सात-आठ हिरव्या बांगड्या चढव आणि तो फ्लॉवर बेंबीच्या जरा वर धरून आरशासमोर उभी राहा. घरातले हसतील, हसू देत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवरीला मी हे करायला लावते, कारण फोनवरच्या फोटोत जे कधीच दिसत नाही ते आरशात लगेच दिसतं. गुच्छ हवेत तरंगत नाही. त्याच्या मागे साडीचं अंग असतं, खाली निऱ्या, डाव्या अंगाला पदराचा काठ आणि अगदी खेटून तुझं मनगट. फोटोतली ती परदेशी नवरी पांढऱ्या झग्यात उभी आहे, मनगट मोकळं आहे. तिथे फिकट गुलाबी फुलं गोड दिसतात. तुझ्याकडे मागे हिरवं रेशीम, बाजूला राणी काठ, जर आणि दोन्ही हातांत डझनभर काच. त्या गर्दीत फिकट गुलाबी फुलं धुतलेल्या कपड्यासारखी दिसतील.

आणखी एक गोष्ट दिसेल. हिरवा रंग तुझ्या अंगावर आधीच भरपूर आहे. त्यामुळे गुच्छात पाला जवळजवळ नकोच. डेकोरेटर अरेका पामची पानं, कामिनीच्या डहाळ्या, अॅस्परॅगसची झालर असं भरपूर घालतात, कारण पाला स्वस्त आणि गुच्छ मोठा दिसतो. तुझ्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होईल. पानं, चुडा आणि पैठणी यांचा एकच हिरवा ढीग होईल आणि फुलं त्यातून डोकावत बसतील. दोन-चार डहाळ्या आधाराला ठेव, बाकी त्याला परत दे.

आता जावेच्या भेळेबद्दल. भेळेला नावं ठेवणाऱ्यांनी ती बनताना नीट पाहिलेली नसते. चौपाटीवरचा भय्या सगळं सारख्या मापाने घालतो का? कुरमुरे सगळ्यात जास्त, शेव त्याखालोखाल, कांदा-कैरी बेताची आणि तिखट चटणी चमचाभर. सगळं सारखं पडलं की लगदा होतो. रंगीत गुच्छ फसतो तो याच कारणाने. पाच लाल, पाच पिवळी, पाच गुलाबी, पाच पांढरी असं घेतलं की गुच्छ वाढदिवसाच्या फुग्यांसारखा दिसतो. तेव्हा कुरमुऱ्याचं काम कुठल्या रंगाने करायचं, ते आधी ठरव.

सकाळसाठी मी केशरी सांगेन. हिरव्या पैठणीवर केशरी लांबूनही उठून दिसतो आणि राणी काठाशी त्याचं भांडण होत नाही. दुसरा क्रमांक राणीचा, तो थेट काठातून उचलायचा. तिसरा पिवळा, पण लिंबासारखा नको, जरीच्या जवळ जाणारा. आणि चटणी म्हणून जांभळा, चमचाभर. डोळ्याला मध्येमध्ये विसावा म्हणून थोडी मोतिया फुलं. पांढरीशुभ्र टाळ. भर उजेडात कॅमेरा त्यांचे पांढरे डाग करून टाकतो आणि फोटोत आधी डाग दिसतात, मग नवरी. लाल गुलाबाशी माझं वैर नाही, पण गडद लाल फोटोत काळपट होतो, हिरव्याशेजारी तर जास्तच. डेकोरेटरला एवढं सांगून बघ.

हे रंग एकाआड एक लावायचे नाहीत. माळेत ते शोभतं. गुच्छात केशरी तीन फुलं एकत्र, त्यांना टेकून राणी दोन, मग पुन्हा केशरी, असे लहान-मोठे घोळके करायचे. बागेतही फुलं अशीच असतात, रांगेत कुणी उभं नसतं.

फुलं आता. केशरी गुलाब सात. बाजारात ज्याला डच गुलाब म्हणतात, म्हणजे लांब काडीचा, तो घे. मुंबईत येणारा बराच माल तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला असतो. अर्धा उमललेला घ्यायचा, पूर्ण मिटलेली कळी एका रात्रीत उमलेलच असं नाही. राणी रंगाची कार्नेशन पाच. केशरी-पिवळी जरबेरा तीन, जास्त नाही, कारण जरबेराचा चेहरा मोठा असतो आणि तो सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढतो. बटणाएवढ्या पिवळ्या शेवंतीच्या चार फांद्या. जांभळ्या अॅस्टरच्या दोन-तीन. मोतिया कार्नेशन दोन-तीन. एवढ्यात तुझी मूठ भरेल.

शेवंती मात्र मनापासून घे, कारण तुझ्या लग्नाचा महिना तिचा आहे. शेवंती रात्री मोजते. रात्र लांबायला लागली की तिला कळ्या धरतात, म्हणून दिवाळीच्या आगेमागे ती बाजारात ढिगाने येते. आता तर विजेचे दिवे लावून किंवा काळं कापड ओढून शेतकरी तिला वर्षभर फुलवतात, पण थंडीतल्या शेवंतीची पाकळी जशी घट्ट असते तशी इतर वेळी नसते. उलट मोगरा उन्हाळ्याचा. मार्गशीर्षात मोगऱ्याचा हट्ट धरलास तर महाग मिळेल आणि मलूल मिळेल. तसंही नवरदेवाच्या डोक्याचा प्रश्न आहेच. म्हणून मी गुलछडीही वगळली. निशिगंध नावाप्रमाणे रात्री जास्त दरवळतो आणि तू रात्री दहापर्यंत त्याच्याच शेजारी उभी असणार. केशरी रंगासाठी झेंडूचा मोह होईल, पण त्याची पाकळी जरा चुरगळली की वास येतो. शिवाय ढिगातल्या झेंडूला देठच नसतो, प्रत्येक फुलाला तार टोचावी लागते. तो तोरणातच राहू दे.

पिओनी विसर. ती थंड मुलखातलं फूल, तिकडे वसंत संपता संपता फुलते. डिसेंबरात मुंबईत ती कुणी दिलीच तर विमानाचं भाडं तू भरतेयस असं समज. तसा गच्च पाकळ्यांचा गोळा हवाच असेल, तर मोठ्या डोक्याची डबल शेवंती एक-दोन फुलं घे. हायड्रेंजिया तर अजिबात नको. दिसते ढगासारखी, पण पाण्याबाहेर तासाभरात मान टाकते आणि आपला डिसेंबरही दुपारी घाम काढतो.

लिलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. मावसबहिणीच्या लग्नात मी मोठ्या हौसेने गुलाबी लिली घातल्या. त्यांच्या पोटातले केसर काढायचे राहून गेले. आशीर्वाद घ्यायला ती वाकली आणि मोरपंखी पैठणीच्या छातीवर विटकरी रंगाचा हातभर पट्टा उमटला. त्यावर कुणीतरी मायेने ओला रुमाल फिरवला आणि पट्टा कायमचा बसला. लिलीचे परागकण तेलकट असतात, पाणी लावलं की रेशमात मुरतात. चुकून लागलेच तर हात न लावता आधी झटकायचे, मग चिकटपट्टीने अलगद उचलायचे. तुझी पैठणी आईची आहे. लिली नकोच.

आणि निळी फुलं कुणी दाखवली तर त्यांच्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघ. निळं ऑर्किड, आकाशी जिप्सी, चमकी मारलेला गुलाब, हे बहुतेक वेळा रंगवलेले असतात. हाताच्या घामाने तो रंग सुटतो. मेंदीच्या हातावर निळे डाग, हे कुठल्याच अल्बममध्ये चांगलं दिसत नाही.

बाजाराला जायचं ते दादरलाच. तुला करी रोडहून दोन स्टेशनं. पश्चिमेला सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फूल मंडई पहाटे अंधारातच जागी होते. तिथे दोन वेगळी जगं आहेत, हे आधी समजून घे. एक सुट्या फुलांचं, म्हणजे झेंडू, शेवंती, अॅस्टर किलोवर. ती हारवाल्यांची फुलं, त्यांना देठ नसतो. दुसरं कट फ्लॉवरचं, म्हणजे काडीसकट फुलं, गड्डीवर. गुलाब आणि कार्नेशनची गड्डी साधारण वीसची, जरबेराची दहाची. आपलं काम या दुसऱ्यांकडे. नवख्या मुली सुट्या शेवंतीच्या ढिगापुढे थांबतात, रंग बघून हरखतात, दोन किलो घेऊन येतात आणि मग मला फोन करतात.

तुझ्या तारखेत एक गोम आहे. लग्न शुक्रवारी, म्हणजे खरेदी गुरुवारी, आणि तोही मार्गशीर्षातला. बुधवार संध्याकाळपासून गुरुवार सकाळपर्यंत दादरला महालक्ष्मीच्या पूजेची गर्दी असते. वेण्या, हार, डहाळ्या, कमळं, फळं, पाय ठेवायला जागा नसते आणि भावही त्या गर्दीचे असतात. म्हणून आठवडाभर आधी, शनिवारी किंवा सोमवारी पहाटे, रिकाम्या हाताने एक फेरी मार. काय माल येतोय ते बघ, कट फ्लॉवरचा एक विक्रेता ठरव, रंग त्याला प्रत्यक्ष फुलं दाखवून सांग. ‘केशरी’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळा केशरी येतो. पैठणीचा काठ फोटोत दाखवू नकोस, त्या रंगाचा ब्लाउजपीसचा तुकडा पर्समध्ये घेऊन जा. थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेव आणि गुरुवारी पहाटे फक्त उचल. येताना टॅक्सी कर. सातच्या लोकलमध्ये फुलं घेऊन चढण्याची हिंमत मी तरी करणार नाही, आणि मी बरंच काही केलेलं आहे.

उचलताना तपासून घे. गुलाबाची कळी खालच्या बाजूने हलकेच दाब, टणक लागली पाहिजे. पोकळ लागली तर माल जुना. शेवंतीचं फूल बघू नकोस, पान बघ. फूल आठवडाभर टवटवीत राहील, पण पान आधी पिवळं पडून तिचं वय सांगतं. जरबेराची मान धरून हळूच हलव, लटपटली तर पुढची गड्डी माग. आणि बादलीतलं पाणी हुंगायला लाजू नकोस. पाण्याला वास असेल तर देठ कुजायला लागलेत.

घरी आणल्यावर कागद, रबर, प्लॅस्टिक सगळं काढ. धारदार सुरीने प्रत्येक देठ बोटाच्या पेराएवढा तिरका काप. कात्रीने चिरडला जातो आणि मग पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडेल तेवढ्या भागावरची सगळी पानं काढ. गुलाब, कार्नेशन, शेवंती, अॅस्टर खोल बादलीत. जरबेराला मात्र वेगळं भांडं आणि चारच बोटं पाणी, कारण त्याचा केसाळ पोकळ दांडा जास्त पाण्यात सडतो. गुलाबाच्या बाहेरच्या जाड, हिरवट पाकळ्या काढायची घाई करू नको, त्या आतल्यांचं रक्षण करतात. शुक्रवारी सकाळी काढ. बादल्या घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पंख्याखाली नको. एसी असेल तर त्या खोलीत, पण झोतासमोर नको.

आणि हे नीट वाच: बादल्या फळांपासून लांब. गुरुवारी तुमच्या घरी घट मांडला तर पाच फळं असणार, लग्नघर म्हणून केळीचा घड कुठेतरी टांगलेला असणार. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याचा वास येत नाही, पण कार्नेशनला तो सहन होत नाही. मी एकदा सत्तर-ऐंशी कार्नेशनं लग्नघराच्या कोठीत गारव्याला म्हणून ठेवली होती. सकाळी बघते तर सगळी मिटून झोपलेली, पाकळ्या आत वळलेल्या, पुन्हा उघडलीच नाहीत. मी फुलवाल्याला वाट्टेल ते बोलले. नंतर कळलं, कोठीच्या दाराआड पिकायला घातलेली केळी होती. त्या बिचाऱ्याची माफी मागायला मला आठ दिवस लागले.

फ्रीजबद्दल विचारशीलच. घरच्या फ्रीजमध्ये भाज्या-फळं असतात, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. संध्याकाळसाठी ऑर्किड सांगणार आहे, ती तर चुकूनही फ्रीजमध्ये ठेवू नकोस. उष्ण प्रदेशातलं फूल आहे, थंडीने पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास गुच्छ बांध. बुधवारी कोथिंबिरीच्या जुड्यांवर हात बसवून घेतलास तर उत्तम. मधोमध एक गुलाब डाव्या हातात धर. दुसरं फूल तिरकं, देठ खाली उजवीकडे झुकेल असं. तिसरंही तसंच, त्याच दिशेने. दर दोन-तीन फुलांनंतर गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरव. सगळे देठ एकाच दिशेने तिरके पडले की खाली त्यांचा पीळ दिसतो आणि वर फुलं आपोआप घुमटासारखी उभी राहतात. एखादा देठ उलटा घुसला तर सगळं विस्कटतं, तेव्हा तो काढ आणि परत घाल. जरबेरा शेवटी, कडेला. पीळ जिथे सर्वांत बारीक, तिथे सुतळीने घट्ट बांध. त्याखाली देठ मुठीपेक्षा चार बोटं लांब ठेव. वरचा घेर जेवणाच्या ताटाएवढा नको, नाश्त्याच्या बशीएवढा पुरे. मोठा केलास तर पैठणीचे काठ, तन्मणी, सगळं झाकून टाकेल आणि अर्ध्या तासात मनगट दुखेल.

हे स्वतः करायचं नसेल तरी हरकत नाही. डेकोरेटरला फुलांचे आकडे कागदावर लिहून दे, ‘पाला दोन डहाळ्या, सेलोफेन नाही, जिप्सी नाही’ हेही लिही आणि सही घे. तोंडी सांगितलंस तर लाल गुलाब येतील. सेलोफेनचा माझा राग जुना आहे. आत वाफ धरते, फुलं उकडतात, आणि फोटोत नुसता प्रकाश मारते.

रजिस्टरच्या वेळी एक तांब्या बरोबर ने, तळाशी पाणी भरून. थांबावं तर लागतंच, तेवढा वेळ गुच्छ तांब्यात. सही करताना दोन्ही हात मोकळे लागतील, म्हणून तांब्याची जबाबदारी एका करवलीला नाव घेऊन दे. ‘कुणीतरी धरेल’ म्हटलं की गुच्छ खुर्चीवर राहतो आणि त्यावर एक काका बसतात. हातात घेताना देठ टॉवेलने कोरडे पूस, पैठणीवर ओघळ नको.

संध्याकाळचा मामला वेगळा. अबोली रंगाच्या साडीवर केशरी गुच्छ विरघळून जाईल. पण तुझ्याकडे फुलं उरलेली आहेत ना! गुलाब वीसची गड्डी घेतलीस, लागले सात. कार्नेशनचंही तसंच. म्हणून खरेदीच्या वेळीच राणी गुलाबाची एक गड्डी आणि जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या पाच-सहा काड्या जास्त घे. दुपारी चारला दुसरा गुच्छ बांध आणि मापं उलटव: राणी गुलाब नऊ, हे कुरमुरे. ऑर्किड शेव. मोतिया कार्नेशन थोडी, पिवळी शेवंती थोडी, केशरी गुलाब दोनच, सकाळची ओळख म्हणून. ऑर्किड पाण्याबाहेरही तासन्‌तास तग धरतं, त्याला वासही नाही.

एक सावधगिरी बाळग. हॉलचे दिवे पिवळे असतील तर जांभळा रंग मळकट दिसतो. आधी जाऊन स्टेजवर उभी राहा आणि जांभळ्या रंगाची एखादी ओढणी धरून फोटो काढ. मळका आला तर ऑर्किड पिवळ्या शेवंतीला आणि मोतिया कार्नेशनला खेटून लाव, शेजारी उजळ रंग असला की जांभळा सावरतो. अगदीच काळवंडला तर ऑर्किड गाळ आणि राणी वाढव.

आणि तीन तास गुच्छ हातात धरायचा नाहीच. नमस्कार कोण करणार, पाकिटं कोण घेणार? समोर एक छोटं टेबल आणि त्यावर पाण्याचं भांडं ठेवायला सांग. फोटोपुरता उचल, परत ठेव. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापलंत तर पाहुणे सेलोफेनमधले गुच्छ घेऊन येतील, दर मिनिटाला एक. त्या ढिगात तुझा गुच्छ जाऊ देऊ नकोस, मी हॉलच्या मागच्या पायरीवर असे हरवलेले दोन गुच्छ शोधून काढलेत.

राहिली आई. ‘मडमेसारखं’ या शब्दावर वाद घालू नकोस. लक्ष्मीच्या हातात कमळ असतंच, आणि ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही तो मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. हे तुला माहीत असू दे, आईला ऐकवायची गरज नाही. तिचं खरं म्हणणं मला वेगळंच वाटतं. या सगळ्या खटाटोपात तिच्या हाताचं काही नाहीये. तिने माळला होता तो वळेसर तुझ्या यादीत कुठेच नाही.

तो गुच्छाच्या मुठीला बांध. सॅटिनची रिबीन नकोच. अबोलीला वास नसतो, म्हणजे नवरदेवाचं डोकं शाबूत. रंग सकाळच्या केशरीला धरून, संध्याकाळच्या साडीचा तर तोच. नीट गुंफलेली अबोली दिवसभर मान टाकत नाही. दादरला तयार गजरे मिळतात, पण ते सुताच्या दोऱ्यातले. आईला विचार, केळीच्या सोपाच्या, म्हणजे बुंध्याच्या सालीच्या, ओल्या दोऱ्यात गुंफायची सवय अजून हाताला आहे का. सुट्या अबोलीचा पुडा गुरुवारीच आण. मुठीभोवती तीन वेढे बसायला दोन-अडीच वीत लांबी लागेल, असे दोन वळेसर, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. गुंफून झाले की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांग. घटापुढच्या फळांजवळ नको, तेवढं तिला बजाव.